मध्यस्थाने विकले काय?

१९७६ साली तमिळनाडूतील पत्तूर गावी, पडक्या देवळाच्या आवारात खणताना एका मजुराला कांस्य नटराज सापडला. हातोहात विकला जात तो लंडनला पोहोचला. १९८२ साली एका कॅनेडियन कंपनीने खोट्या पूर्वेतिहासावर विसंबून तो विकत घेतला. तेथील न्यायालयाने १९८८ साली देवळाचा हक्क मान्य केला आणि १९९१ साली मूर्ती मायदेशी परतली.

‘आम्ही केवळ मध्यस्थ’ ही सबब येथे टिकत नाही. मूर्ती मध्यस्थांची नव्हतीच. त्यांनी विकला तो रचलेला इतिहास. मूर्ती परत करता येते. बनावट कागद मात्र पुराव्यांत मिसळून राहतो आणि आम्हां अभ्यासकांचीही वाट चुकवतो. म्हणून मूर्तीचे शतक विचारताना, ती कोणाच्या हातून आली, हेही आपण विचारायला हवे.