मजकूर फाइलींची डेटाबेसमधील आयात

साध्या अक्षर-अंकांत लिहिलेली फाइल संकेतस्थळावरून स्वीकारून तीतील नोंदी डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या सुसंघटित संचयात, समाविष्ट करण्याच्या क्रियेस मजकूर फाइलीची आयात म्हणतात. परीक्षांचे गुण, रुग्णांच्या तपासण्यांचे निष्कर्ष, बँकांचे व्यवहार, ग्रंथालयांच्या सूची इ. माहिती एका यंत्रणेकडून दुसरीकडे नेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय. मजकूर फाइल जवळजवळ कोणत्याही संगणकावर वाचता येते, हे तिचे बळ. परंतु तीतील आकड्याचा वा शब्दाचा अर्थ ती स्वतः सांगत नाही, हे तिचे वैगुण्य होय. हा अर्थ आयातीच्या वेळी बाहेरून पुरवावा लागतो. तो कोणी व कसा पुरवावयाचा, या प्रश्नाभोवतीच या क्रियेचा इतिहास घडला आहे.

पूर्वपीठिका : यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नोंदी साठविण्याचा मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयोग अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत झाला. तीसाठी हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांनी तयार केलेली छिद्रित कार्डे व गणनयंत्रे वापरण्यात आली. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे कार्ड प्रचारात आणले. त्यावर प्रत्येक बाबीसाठी ठराविक स्तंभ राखून ठेवलेले असत. म्हणजे आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरे. या पद्धतीत पडताळणीला स्वतंत्र स्थान होते. एकाने छिद्रे पाडलेल्या कार्डावरील माहिती दुसरी व्यक्ती पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकलिखित करी व तफावत आढळल्यास यंत्र ती दाखवी. काम संथ होते. पण चूक शोधणे हा त्याचाच एक भाग होता.

वर्णांना ठराविक अंक देणारी ॲस्की ही संकेतपद्धती अमेरिकेत १९६३ मध्ये प्रमाणित झाली. आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टिम/३६० या संगणकमालिकेने मात्र एब्सिडिक ही वेगळी पद्धती वापरली. त्यामुळे फाइल कोणत्या संकेतांत लिहिली आहे, हा प्रश्न आयातीला प्रारंभापासूनच चिकटला. पुढे ठराविक स्तंभांऐवजी स्वल्पविरामाने बाबी वेगळ्या करण्याची सोय आयबीएमच्या फोर्ट्रान भाषेच्या एका अनुवादक प्रोग्रॅममध्ये १९७२ पर्यंत आली होती. आकड्याचा अर्थ आता त्याच्या जागेवरून नव्हे, तर क्रमावरून ठरू लागला. त्यामुळे एक स्वल्पविराम जास्त पडला, तरी पुढील सर्व बाबी एकेक घर सरकतात.

डेटाबेसची शिस्त : एडगर कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली. तीनुसार माहिती कोष्टकांत ठेवली जाते. प्रत्येक स्तंभातील मूल्याचा प्रकार निश्चित असतो आणि प्रत्येक नोंद तिच्या विशिष्ट ओळखीने वेगळी काढता येते. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात व्यवहाराची संकल्पना स्पष्ट केली : परस्परावलंबी बदल एक तर सर्व व्हावेत, नाही तर एकही होऊ नये. आयातीच्या दृष्टीने हे तत्त्व मोलाचे आहे. हजार ओळींपैकी सातशेव्या ओळीवर चूक निघाल्यास आधीच्या ओळीही मागे घेता येतात व फाइल दुरुस्त करून पुन्हा भरता येते. हे तत्त्व न पाळल्यास निम्मी फाइल आत राहते आणि दुसऱ्या प्रयत्नात त्याच नोंदी दुबार होण्याचा संभव असतो.

संकेतस्थळावरून फाइल चढविणे : संकेतस्थळावरील प्रपत्रातून फाइल पाठविण्याची पद्धती झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रस्तावात मांडली. तीत प्रपत्रातील निरनिराळे भाग, फाइलीसह, मजकुरात अन्यत्र न येणाऱ्या एका सीमाचिन्हाने वेगळे केलेले असतात. या सोयीमुळे आयातीचे काम संगणक-विभागाच्या खोलीतून बाहेर पडले. कारकून, शिक्षक वा दुकानदार स्वतःच फाइल पाठवू लागले आणि ती तपासणारा मध्यस्थ नाहीसा झाला. फाइलीतील मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या आज्ञेत जोडल्यास तोच आज्ञा म्हणून अंमलात येऊ शकतो, या धोक्याची जाहीर चर्चा १९९८ मध्ये झाली. म्हणून मूल्य व आज्ञा सदैव अलग ठेवणे हा या कामातील मूलभूत नियम होय.

स्वल्पविराम-विभक्त फाइलीचे रूढ स्वरूप ऑक्टोबर २००५ मध्ये एका तांत्रिक टिपणात नोंदविले गेले. ज्या बाबीत स्वल्पविराम आहे, ती अवतरणचिन्हांत ठेवावी, असा त्यातील एक नियम आहे. भारतीय पद्धतीने लिहिलेली १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांविना आल्यास तिचे तीन तुकडे होतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फाइलीवरून कळत नाही. तसेच क्रमांक संख्या म्हणून वाचला गेल्यास आरंभीचे शून्य गळून पडते.

देवनागरी मजकूर : भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रमाणित झाली, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही कित्येक वर्षे मराठी मजकूर विशिष्ट टंकांच्या खाजगी संकेतांत लिहिला गेला. असा मजकूर रूपांतर न करता आयात केल्यास तो निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट व्यापतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात मात्रा व हलन्तचिन्हे धरून दहा वर्ण असल्याने त्यास तीस बाइट लागतात. स्तंभाची मर्यादा बाइटांत मोजलेली असल्यास मराठी नाव मध्येच तुटू शकते. याहून सूक्ष्म अडचण अर्ध्या ‘र’ची आहे. ‘दऱ्या’सारखे शब्द लिहिण्याच्या एका पद्धतीत हलन्त ‘र’नंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. आयातीच्या वेळी अदृश्य चिन्हे केर समजून काढून टाकल्यास ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो : डोंगरातील दरीच्या जागी समुद्र येतो आणि कोणतीही चूक नोंदविली जात नाही.

अशा अबोल हानीचे गंभीर उदाहरण इंग्लंडमध्ये २०२० साली घडले. प्रयोगशाळांकडून मजकूर फाइलींच्या रूपाने येणारे कोविड-१९ तपासणीचे निष्कर्ष तत्कालीन सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील पत्रकांत ओतले जात. त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळल्या. बाधितांना त्यांचे निष्कर्ष कळविले गेले होते. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास विलंब झाला. फाइली शाबूत होत्या व माहितीही अचूक होती. उणीव होती ती मोजदादीची.

यामुळे विश्वसनीय पद्धतीत फाइल प्रथम तात्पुरत्या कोष्टकात उतरवितात. संकेतपद्धती, स्तंभ व मूल्ये तपासतात आणि मगच नोंदी मुख्य कोष्टकात घेतात. नाकारलेल्या ओळी कारणांसह पाठविणाऱ्यास कळविल्या जातात व मूळ फाइल जपून ठेवली जाते. फाइलीतील नोंदी आणि स्वीकारलेल्या व नाकारलेल्या नोंदींची बेरीज जुळल्याखेरीज आयात पूर्ण झाली असे मानीत नाहीत. छिद्रित कार्डांच्या काळात पडताळणी यंत्रावर होणारे काम अशा रीतीने प्रोग्रॅमकडे आले आहे. ते वगळता मात्र येत नाही.