मधुमेह आणि रोजा : कोणती काळजी घ्यावी?

मधुमेह, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'शुगर', असलेले बरेच जण रोजा ठेवू शकतात. पण डॉक्टरांना विचारूनच. रमजानच्या दीड-दोन महिने आधी तपासणी करावी. गोळ्या-इन्सुलिनचा डोस मनाने बदलू नये. आवश्यक माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

लक्षणे : हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, बोलण्यात गोंधळ ही शुगर कमी झाल्याची, खूप तहान, वारंवार लघवी ही वाढल्याची.

रोजा कधी सोडावा : शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर लगेच, इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी! कमी असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. वाढली असेल तर पाणी प्यावे, डॉक्टरांना गाठावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात.

आहार : सेहरी चुकवू नये, शेवटच्या वेळेत करावी. भाकरी, डाळ, अंडी, दही चांगले. इफ्तारला एक-दोन खजूर पुरे; शरबत, भजी टाळावीत.

धोका कुणाला जास्त : टाइप-१ चे रुग्ण, मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रिया, किडनी बिघडलेले.

सूरह बकराच्या आयत १८४-१८५ मध्ये आजारी माणसाला सवलत आहे. रोजे नंतर कजा करता येतात. बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया आहे. मग 'लोक काय म्हणतील' म्हणून आपण आजार का लपवायचा?