बोट लागणे आणि विमानातली चैन

जुन्या विमानप्रवासाचा विषय निघाला की चिनी मातीच्या बशा, ऐसपैस खुर्च्या आणि अदबशीर स्टुअर्ड यांचीच वर्णनं ऐकू येतात. ती खोटी नाहीत, अपुरी आहेत. आणि मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरून पाहिलं की उणीव चटकन ध्यानात येते. केबिन, पर्सर, स्टुअर्ड, कॅप्टन हे सगळे शब्द विमानाने जहाजावरून उचलले आणि त्यांच्याबरोबर आतिथ्यही घेतलं, पण ते वरच्या वर्गाचं. कोकणी माणसाला ठाऊक असलेली बोट म्हणजे डेक. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, वळकटी पसरून जागा धरायची आणि मालवणला बोट बाहेर समुद्रातच उभी राहिली की हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. मराठीतला ‘बोट लागणे’, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळणे, हा प्रयोग या प्रवासाची खरी बखर आहे.

विमानही सुरुवातीला लागतच असे. उंची काही हजार फुटांची, त्यामुळे खराब हवेतूनच वाट काढावी लागे. वेताच्या खुर्च्या होत्या त्या वजन वाचावं म्हणून. कानात घालायला कापूस, चघळायला गम. 1930 साली अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टने पहिल्या हवाई सेविका नेमल्या, त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. म्हणजे आपण जिला चैन समजतो तो पुष्कळसा औषधोपचार होता. 1932 साली सुरू झालेल्या टाटांच्या विमानसेवेत तर मान टपालाच्या थैल्यांचा. पहिल्या वर्षी टपाल दहा टनांवर आणि माणसं 155. पावसाळ्यात जुहूचा तळ चिखलात गेला की मुक्काम पुण्याला. (मालवणकडच्या बोटीही तेव्हा बंदच.) 1935 मध्ये मुंबई, गोवा, कण्णूर, तिरुवनंतपुरम अशी हवाई वाट निघाली, पण मधल्या कोकणाला तिचा उपयोग शून्य.

यावर कोणी म्हणेल, 8 जून 1948 ला लंडनला निघालेल्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानात तरी थाट होता. होताच. पण त्या कॉन्स्टेलेशन विमानाचा मोठा गुण पडद्यांत किंवा जेवणात नव्हता. केबिनमध्ये हवेचा दाब राखता येत असल्याने ते खराब हवेच्या वरून जाऊ शके. पोट ठिकाणावर नसेल तर चांदीचा चमचा काय कामाचा? शिवाय त्यात प्रवासी 35. जेमतेम वर्षापूर्वी, 17 जुलै 1947 ला, मुंबईहून रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसं गेली होती. सुखसोयींच्या इतिहासात ही दुसरी नोंद सहसा येत नाही.

तारकर्लीहून कर्ली खाडीपलीकडे, परुळ्याच्या सड्यावर, 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी विमानतळ सुरू झाला. तिथल्या सत्तर आसनी एटीआर विमानात गुडघे आखडून बसावं लागतं, ही तक्रार रास्त आहे. मात्र ‘पूर्वीचं सुख गेलं’ असं म्हणणाऱ्याने आपलं पूर्वीचं तिकीट कुठल्या वर्गाचं होतं ते आठवावं. इथल्या बहुतेकांचं ते डेकचंच असणार. समोरच्या खुर्चीच्या खिशात कागदी पिशवी अजून असते, विमान लागलंच तर.