घिचक

घिचक : अफगाणिस्तानातील एक पारंपरिक गजवाद्य. त्याचा प्रसार मुख्यतः हिंदुकुश पर्वताच्या उत्तरेकडील ताजिक व उझबेक लोकांत आढळतो. इराणी कमांचा हे याच कुळातील वाद्य. ‘कमांचा’ म्हणजे लहान धनुष्य. मराठीतील ‘कमान’ हा शब्दही त्याच फार्सी मूळाचा होय.

लांब दांडी, खाली ध्वनिपेटी व तिच्या तळातून बाहेर आलेली धातूची सळई, अशी याची रचना असते. मध्य आशियात ध्वनिपेटी सामान्यतः लाकडाची, गोलाकार व चामड्याने मढविलेली असते. विसाव्या शतकात उत्तर अफगाणिस्तानात मात्र तिच्या जागी पत्र्याचा डबा रूढ झाला. तारा दोन असून दांडीवर पडदे नसतात. वाद्य उभे धरतात व गजाचा रोख फारसा न बदलता वाद्यच सळईवर फिरवून तार बदलतात. दंबुरा या छेडून वाजवावयाच्या वाद्याबरोबर ते चहाखान्यांत वाजविले जाई. अमेरिकन संगीतसंशोधक मार्क स्लोबिन यांनी १९६७–७२ या काळात तेथे हिंडून या परंपरेचा अभ्यास केला.

महाराष्ट्रालाही गजवाद्ये परकी नाहीत. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातील संगीतरत्नाकर या ग्रंथात गजाने वाजविण्याच्या पिनाकी वीणेचे वर्णन केले आहे. विदर्भातील परधान हे गोंडांचे परंपरागत गायक किंगरीच्या साथीने देवकथा गातात.

तालिबानने १९९६–२००१ या काळात संगीतावर बंदी घातली व २०२१ पासून ती पुन्हा लादली. जुलै २०२३ मध्ये हेरात येथे वाद्ये जाहीरपणे जाळण्यात आली. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतील विद्यार्थी व शिक्षकांना पोर्तुगालमध्ये आश्रय घ्यावा लागला. अशा स्थितीत संग्रहालयांतील घिचकाला निराळेच महत्त्व येते. पत्र्याच्या डब्याचे हे वाद्य कोरीव सारंगीपुढे ओबडधोबड दिसते. परंतु हाती असलेल्या वस्तूतून स्वर निर्माण करणाऱ्या समाजाचा तो विश्वसनीय पुरावा होय. त्यावरून दांडीची लांबी व तारांची मांडणी कळते. वाद्य फिरविण्याची लकब आणि स्वरस्थाने मात्र गुरूच्या हातावरूनच शिष्याला कळतात. म्हणून वस्तूच्या जतनाबरोबर ध्वनिमुद्रण व निर्वासित वादकांकडून होणारे अध्यापन यांवरच या वाद्याचे भवितव्य अवलंबून आहे.