स्वतःची छाटणी करणारं झाड

मे 2020. पुण्यातलं कॉलेज बंद होऊन दोन महिने होत आले होते. मी अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी होते. जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर आहे. घरच्या वीस गुंठ्यांत उन्हाळी टोमॅटो होता. एका सकाळी नाना, म्हणजे माझे चुलते, हातात तीन टोमॅटो घेऊन ओट्यावर आले. एकाच फळावर लाल, पिवळा आणि हिरवट-पांढरा असे पट्टे होते. कापलं तर आत गर घट्ट आणि पांढुरका.

"तू कातर फिरवली ना ताई, त्या सऱ्यांत जास्त हाये," नाना म्हणाले. रागाने नाही म्हणाले. म्हणूनच ते जास्त लागलं.

कात्री मीच फिरवली होती. मार्चअखेरीस घरी बसून कंटाळा आला होता, तेव्हा मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. परदेशातल्या काचघरात एक बाई टोमॅटोच्या बगलफुटी भराभर काढत होत्या, खालची पानं साफ करत होत्या. झाड सुतळीवर सरळ वर गेलेलं, त्याला लालबुंद घोस. मी आजीची शिवणाची कात्री घेतली आणि बांधाकडच्या आठ सऱ्या तशाच करून टाकल्या. तीच एक कात्री, न धुता, झाडामागून झाड. आता त्याच सऱ्यांत रोग होता. मी इतिहासाची विद्यार्थिनी. शेतीतलं फार कळत नव्हतं, पण हे कधी, कुठून आणि कसं आलं, एवढं शोधता येत होतं. तेच केलं.

सुरुवात झाडापासून. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. शेतात आणून मोठ्या फळाचा केला तो मेक्सिकोकडच्या लोकांनी, आणि त्यांच्याच नाहुआटल भाषेतल्या 'तोमातल' शब्दावरून आजचं नाव आलं. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो आपल्याकडे पोचला. तो आपल्याला परका वाटत होता हे नावांतच दिसतं. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन' म्हणजे विलायती वांगं म्हणतात, मराठीत 'वेलवांगी' असं एक जुनं नाव आहे. हे दुसरं नाव मला फार आवडतं, कारण त्यात झाडाची सवय नेमकी पकडली आहे. कूळ वांग्याचं, वागणं वेलीचं. टोमॅटोला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. तो जमिनीवर पसरतो, टेकेल तिथे मुळं सोडतो. मोकळं सोडलं तर छाटणीची गरजच पडत नाही. गरज पडते ती आपण त्याला उभा केल्यावर.

आमच्या भागात छाटणी नवी नव्हती. राहात्याच्या पेरूला, संगमनेरच्या डाळिंबाला बहार धरायचा तर कधी ताण द्यायचा, कुठली फांदी काढायची हे बागवानांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. शेजारच्या नाशिकची द्राक्षं तर छाटणीवरच चालतात: एप्रिलची खरड छाटणी काड्या तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. पण हे सगळं फळबागेचं ज्ञान. भाजीपाला हा चार-पाच महिन्यांचा मामला. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि खालच्या भागात ऊस उभा राहिला. भाजी मात्र बहुतेक घरांत उसाच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याजवळ, घरापुरती. तिला कोण कात्री लावणार?

मग माझ्या व्हिडिओतली ती कात्री आली कुठून? त्याचा एक धागा इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी नावाच्या बेटावर सापडतो. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्लंडच्या बाजारासाठी काचघरांत द्राक्षं पिकवत. त्या काचघरांना तिथले लोक 'व्हायनरी' म्हणजे द्राक्षघरच म्हणायचे. शतकाच्या अखेरीस त्याच छपराखाली टोमॅटो शिरला आणि हळूहळू त्याने द्राक्षाला बाहेर काढलं. वेल तारेवर चढवायची, नको त्या फुटी काढायच्या, हा हात त्या लोकांना आधीच होता. तिथे अडचण उन्हाच्या कमतरतेची. काचेखालची जागा महाग, ऊन तुटपुंजं. म्हणून एका झाडाला एकच खोड, झाडं दाटीने, आणि फळाला उजेड मिळावा म्हणून खालची पानं काढायची. त्या जागेसाठी हे गणित चोख आहे.

आता तेच गणित एप्रिलच्या अकोल्यात मांडून बघा. पारा चाळिशीला टेकलेला. इथे पान ही फळावरची छत्री आहे. ती मी काढून टाकली होती. उघडी पडलेली फळं उन्हाच्या बाजूने पांढरी पडली, कातडी कागदासारखी झाली. शिवाय टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन साधारण तीस-बत्तीस अंशांच्या वर नीट तयारच होत नाही. फळ पिवळट राहतं. माझी पहिली चूक रोग येण्याआधीच घडलेली होती.

दुसरी चूक त्याहून मोठी होती, आणि तिची गोष्ट 1914 सालची आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या फ्लोरिडात टोमॅटोच्या एका शेतात एक वेगळंच झाड आढळलं. इतर झाडं शेंडा वाढवत राहिली. हे झाड थोडं वाढायचं, शेंड्यालाच फुलांचा घोस द्यायचं आणि थांबायचं. झुडपासारखं बुटकं आणि आटोपशीर. फळंही बहुतेक एकदमच पिकायची. कुणी घडवलेलं नव्हतं. निसर्गातला एक अपघाती बदल होता. शास्त्रज्ञांनी त्या गुणाला नाव दिलं 'सेल्फ-प्रूनिंग', म्हणजे स्वतःची छाटणी स्वतःच करणारं. 1998 मध्ये त्यामागचं जनुकही हाती लागलं. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात यंत्राने टोमॅटो काढायला सुरुवात झाली ती अशाच बुटक्या, एकदम पिकणाऱ्या झाडांच्या जोरावर. आज जगभर उघड्या शेतात लावल्या जाणाऱ्या कितीतरी जातींत तो गुण आहे.

म्हणजे टोमॅटोची झाडं दोन प्रकारची. एक वाढतच जाणारं. त्याच्या दोन घोसांमध्ये साधारण तीन पानं असतात आणि शेंडा कधी थांबत नाही. याची बगलफूट काढली नाही तर जंगल होतं. फूट बोटभर असतानाच, सकाळी दव उतरल्यावर, बोटाने मोडायची. एक किंवा दोन खोडं ठेवायची. दुसरं, स्वतः थांबणारं. याच्या घोसांमध्ये पानं कमी असतात आणि शेवटी शेंड्यालाच फुलं येतात. याचा माल फुटव्यांवरच लागतो. जितके फुटवे काढाल, तितके घोस गेले. याला फक्त पहिल्या घोसाखालच्या फुटी आणि मातीला टेकणारी पानं काढली की पुरे. पावसाचे किंवा पाण्याचे शिंतोडे उडून करपा वर चढतो तो त्या पानांवरूनच.

नानांनी लावलेलं वाण दुसऱ्या प्रकारचं होतं. ज्या झाडाने स्वतःची छाटणी केलेली होती, त्याला मी पुन्हा छाटलं होतं.

जिल्ह्यातल्या शेताचं चित्र मधल्या काळात बदललं होतं, हेही मला तेव्हाच नीट दिसलं. राहुरीला 1968 मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. तिथून टोमॅटोचे 'धनश्री', 'भाग्यश्री', 'फुले राजा' असे वाण आले. मग कंपन्यांचं संकरित बियाणं, ठिबक, मल्चिंग पेपर, बांबू आणि तार. जमिनीवर लोळणारं वेलवांगं तारेला सुतळीने बांधलं गेलं. बियाणं महाग झालं तसं प्रत्येक झाडाकडे लक्ष जायला लागलं, आणि कात्रीची भाषा आली. पण बियाणं एका परंपरेतून आलं आणि छाटणीचा व्हिडिओ दुसऱ्याच परंपरेतून. दोन्ही माझ्या हातात एकाच वेळी पडले.

बांधावर काकडीचे चार वेल होते. काकडीची गोष्ट टोमॅटोच्या उलटी आहे. ती आपली, इथलीच. तिचे कडू, बारक्या फळांचे रानटी नातलग हिमालयाच्या पायथ्याला आणि सह्याद्रीतही सापडतात. भारतातूनच ती जगभर गेली. आपल्या गावठी काकडीच्या मुख्य वेलीवर आधी नर फुलंच जास्त येतात. मादी फुलं बाजूच्या फुटींवर जास्त धरतात. म्हणून आजी वेल मांडवाला लागला की शेंडा खुडायची. पॉइन्सेट आणि कल्याणपूर अगेती यांच्या संकरातून राहुरीने काढलेली 'हिमांगी' ही याच घरातली. पण हीच काकडी परदेशात जाऊन पॉलिहाऊसची झाली तेव्हा बदलली. तिथल्या वाणांना जवळपास सगळी मादी फुलं येतात, परागीकरणाशिवाय फळ धरतं. तिथे नियम उलटा: बाजूच्या फुटी काढा, खालची पहिली काही फुलंही काढा, एकच खोड वरच्या तारेपर्यंत न्या. आजी शेंडा खुडून फुटी वाढवायची, पॉलिहाऊसवाला फुटी खुडून शेंडा वाढवतो. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांच्या हातातली काकडी वेगळी आहे.

राहिला रोग. त्या महिन्यात संगमनेर, अकोले आणि शेजारच्या जिल्ह्यांतही हीच तक्रार होती. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. कोरोनाचे दिवस, 'टोमॅटोचा कोरोना' असे शब्द फिरायला लागले आणि चांगला मालही कुणी घेईना. वनस्पतीचा विषाणू माणसाला होत नाही, हे सांगेपर्यंत भाव बसला होता. नमुने बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत गेले. तिथे जे विषाणू सापडले त्यांत मुख्य होता कुकुंबर मोझॅक, म्हणजे काकडीच्या नावाचा विषाणू.

नाव ऐकून मी बांधावरच्या त्या चार वेलांकडे बघत राहिले. मग त्याचाही इतिहास काढला. 1886 मध्ये नेदरलँड्समध्ये अॅडॉल्फ मायर यांनी दाखवलं की तंबाखूच्या रोगट पानाचा रस निरोगी झाडाला टोचला की रोग जातो. त्यांनीच त्याला 'मोझॅक' नाव दिलं. 1898 मध्ये बायेरिंक यांनी हा जिवाणू नसून वेगळंच काही आहे असं मांडलं. विषाणूशास्त्राची सुरुवात इथे धरतात. 1916 मध्ये अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर यांनी काकडीवरच्या मोझॅकचं वर्णन केलं. पुढे कळलं की हा विषाणू हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींवर जगतो. काकडी फक्त पहिली सापडली, म्हणून नावाला धनी झाली.

आता माझा प्रश्न: कात्रीने पसरला का? तंबाखू आणि टोमॅटोचे मोझॅक विषाणू हाताने, कपड्याने, अवजाराने सहज पसरतात. वाळक्या पानातही टिकतात. त्यासाठीच काचघरांत कामगार मलई काढलेल्या दुधात हात बुडवून छाटणी करत आले आहेत, कारण दुधातली प्रथिनं विषाणूला अडवतात. कुकुंबर मोझॅक मात्र मुख्यतः माव्यामुळे पसरतो. मावा रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात विषाणू देतो. कात्रीने तो जाऊच शकत नाही असं नाही, पण त्याची मुख्य वाट ती नाही. आणि माझ्या आठ सऱ्या बांधाकडच्या होत्या. तणातून, काकडीवरून उडालेला मावा आधी उतरणार तो तिथेच.

हे सगळं मी नानांना सांगितलं. रोग बहुधा माझ्यामुळे आला नाही. पण त्या सऱ्यांत घोस कमी लागले आणि फळं उन्हाने भाजली, ते नक्की माझ्यामुळे. न धुतलेली कात्री ही नशिबाने महाग पडली नाही, एवढंच. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी निम्मं तुझं, निम्मं माव्याचं." प्लॉट आम्ही उपटला. कॅरेट रिकामेच थप्पीला लागले.

आजही आमच्याकडे टोमॅटो असतो. बांधाचं तण आधी निघतं. फुटी बोटानेच मोडतात. कात्री लागलीच तर एका सरीनंतर जंतुनाशकाच्या पाण्यात बुडते, आणि रोगट झाडाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आजीची शिवणाची कात्री परत तिच्या डब्यात गेली. पण सगळ्यात मोठा बदल लावणीच्या आधीच होतो. नाना बियाण्याचं पाकीट माझ्यापुढे धरतात, कारण त्यावरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. विचारतात, "वाच ताई, हे थांबणारं हाये का वाढणारं?" मी वाचून सांगते. मग ठरतं.