आधी विद्यार्थी, मग शिक्षक : मुंबई इलाख्यातील मिशन आणि इंग्रजीचा वर्ग

अव्वल इंग्रजीतील मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मिशनऱ्यांचा उल्लेख सामान्यतः दोन ठिकाणी येतो : मुद्रण, कोश आणि व्याकरण यांच्या संदर्भात ऋणनिर्देश म्हणून, आणि धर्मांतराच्या वादांत प्रतिपक्ष म्हणून. गौरी विश्वनाथन यांचा ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर त्यात तिसऱ्या ठिकाणाची भर पडली. इंग्रजी साहित्याचे अध्यापन हे वसाहतवादी सत्तेचे साधन होते, आणि धार्मिक तटस्थता पाळू पाहणाऱ्या सरकारला बायबलाच्या जागी वाङ्मय ठेवता आले, ही त्यांची मांडणी आता परिचित आहे. मात्र भारतीय विद्यार्थ्यांचा प्रतिसाद या मांडणीने जाणीवपूर्वक आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मुंबई इलाख्यातील मिशनशाळांचा विचार करू लागताच ही मर्यादा जाणवते. येथे परदेशातून आलेला शिक्षक प्रथम विद्यार्थी झाला, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या शिकवण्याचे जे केले ते त्याच्या हेतूंत बसणारे नव्हते.

अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. त्याच वर्षीच्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली, तरी स्थिरावणे सोपे झाले नाही. नॉट १८१५ मध्ये परतला. नंतर येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. हॉलही १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात त्याच रोगाला बळी पडला. १८१८ मध्ये ठाण्याचे ठाणे सांभाळायला गेलेला जॉन निकोल्स १८२४ मध्ये मरण पावला. इतक्या अल्पायुषी वास्तव्यात या माणसांनी प्रथम काय केले, तर मराठी शिकून घेतली. १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडली आणि १८२६ मध्ये नवा करार मराठीत छापून झाला. शाळा त्यांनी काढल्या, पण त्या मुख्यतः मराठी होत्या. इंग्रजी शिकवण्यासाठी ही माणसे आली, असे त्यांच्याविषयी म्हणता येत नाही.

या प्रारंभिक मराठीला पुढे ‘मिशनरी मराठी’ असे काहीसे उपहासाचे नाव मिळाले. इंग्रजी वाक्यरचनेचा सांगाडा, संस्कृत शब्दांची अस्थानी योजना आणि बोलीचा अनपेक्षित शिरकाव हे तिचे दोष खरेच आहेत. परंतु समीक्षेने ते केवळ शैलीदोष म्हणून नोंदवले आणि त्यांचा अर्थ लावला नाही. प्रौढ वयात, पंतोजीसमोर बसून भाषा शिकणाऱ्याचे ते अवशेष आहेत. कोणत्या वर्गाचा पंतोजी लाभला, कोणत्या गावच्या बाजारात कानावर शब्द पडले, याच्या खुणा त्या गद्यात राहिल्या आहेत. सत्ताधाऱ्यांच्या वंशाचा मनुष्य येथे भाषेच्या बाबतीत परावलंबी होता. ज्ञान आणि सत्ता यांचे समीकरण मांडताना हे परावलंबित्व हिशेबात धरावे लागते.

जॉन विल्सन यांच्या उदाहरणात हे अधिक स्पष्ट दिसते. १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत आलेले विल्सन प्रथम कोकणात हर्णै-बाणकोटकडे गेले, ते मराठी शिकण्यासाठी. मुंबईला परतल्यावर मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३५ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला. विल्सन यांची गिरगावातील आंब्रोळीची इंग्रजी शाळा १८३२ मध्ये निघाली. त्याआधीच, १८३१ मध्ये, मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला होता आणि तो मराठीतून झाला होता. कलकत्त्यात १८३० मध्ये इंग्रजी शाळा काढणाऱ्या अलेक्झांडर डफ यांनी उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून ख्रिस्ताकडे नेण्याची योजना आखली होती. विल्सन यांनी इंग्रजी स्वीकारली, परंतु देशी भाषांना अग्रस्थान दिले. मुंबई आणि कलकत्ता यांतील हा फरक पुढे सरकारी पातळीवरही उमटला. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस मराठीच्या बाजूने उभे राहिले. भाषेचा प्रश्न येथे ‘परके विरुद्ध एतद्देशीय’ असा सरळ विभागलेला नव्हता.

विद्यार्थ्यांकडे वळल्यास चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. शिक्षकाला बायबल शिकवायचे होते, मुलाला कचेरीतली नोकरी हवी होती, आणि दोघांनीही परस्परांचा हेतू ओळखून तो चालवून घेतला होता. हा मूक करार मोडला की शाळा हादरे. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले. हे बाळशास्त्री म्हणजे १८३२ मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापणारे ‘दर्पण’ काढणारे संपादक. इंग्रजी विद्या घ्यावी, पण तिच्याबरोबर येणारा धर्म नाकारण्याचा अधिकार राखावा, ही भूमिका ‘दर्पण’च्या जोडस्तंभांतही आहे आणि श्रीपतच्या प्रकरणातही.

बाबा पदमनजी यांनी उलट मार्ग घेतला. बेळगाव आणि मुंबई येथील मिशनशाळांत शिकलेल्या या तरुणाने १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. मिशनला हवा तसा हा शिष्य निघाला, असे वरवर वाटते. परंतु विधवांच्या दुःखाचे जे चित्रण ‘यमुनापर्यटन’ करते ते मराठी घरांच्या आतून आलेले आहे आणि कोणत्याही मिशनऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनशाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकलेले जोतीराव फुले यांनी तर तिसरीच वाट काढली. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. इंग्रजीतून मिळालेली समतेची भाषा त्यांनी ब्राह्मणी वर्चस्वाच्या चिकित्सेसाठी वापरली, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना जोडून अमेरिकेतील गुलामगिरीविरोधकांना ती अर्पण केली. एकाच प्रकारच्या वर्गातून असे परस्परविरोधी वाचक बाहेर पडत असतील, तर त्या वर्गाचा परिणाम केवळ अभ्यासक्रमावरून ठरवता येणार नाही.

हे अमेरिकन बोर्डाच्या कारभाऱ्यांनाही उमगले असावे. १८५४ च्या अखेरीस रूफस अँडरसन आणि ऑगस्टस थॉम्प्सन यांचे शिष्टमंडळ पाहणीसाठी आले. इंग्रजी शाळा नोकरदार तयार करतात, ख्रिस्ती मंडळी नव्हे, असा अँडरसन यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील इंग्रजी शाळा बंद करण्याचे ठरले. मिशनऱ्याने मराठीतूनच काम करावे, हे या धोरणाचे सूत्र होते. भाषेच्या दृष्टीने ते आज देशीवादी वाटू शकेल. मात्र ग्रामीण महार-मांग समाजातून येणाऱ्या नवख्रिस्ती मुलांना इंग्रजीचे दार बंद होणे म्हणजे काय, हा प्रश्न त्यात गौण ठरला. मातृभाषेचा आग्रह नेहमीच दुर्बलांच्या बाजूचा असतो असे नाही, हे या निर्णयावरून दिसते.

त्याच वर्षी आलेल्या वुडच्या खलित्याने मात्र अनुदानाची व्यवस्था केली आणि इंग्रजी शिक्षणाचा विस्तार रोखणे कोणाच्याही हाती उरले नाही. पुढील पिढीतील मिशनविरोधाचा सर्वांत तिखट आवाज ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा. त्यांनी टिळक आणि नामजोशी यांच्यासह १८८० मध्ये पुण्यात जी शाळा काढली तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने अल्प वेतनावर आजन्म अध्यापन करणाऱ्या सभासदांची कल्पना रूढ केली, आणि टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा देताना त्यागाच्या ज्या तत्त्वाची आठवण सहकाऱ्यांना दिली त्यासाठी जेझुइटांचा दाखला दिला. मिशनचा धर्म नाकारला गेला. आयुष्य वाहून घेणारा शिक्षक हा त्याचा आकृतिबंध मात्र स्वीकारला गेला.

मुंबई इलाख्यातील इंग्रजीच्या वर्गाचा इतिहास म्हणून केवळ लादण्याचा इतिहास ठरत नाही. निवडीचा, नकाराचा आणि उसनवारीचाही तो इतिहास आहे. या उसनवारीचा शेवट झालेला नाही. निकोल्सच्या ठाण्यापासून कल्याणलगतच्या विठ्ठलवाडीपर्यंतच्या उपनगरी पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळा आता सर्रास आहेत, आणि महाराष्ट्रात कोणत्याही मिशनशी संबंध नसलेल्या शाळाही ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ ही नावे लावतात. नाव उरले, धर्महेतू गेला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली : इंग्रजी शिकवणाऱ्याने आधी मराठीचा विद्यार्थी होणे. विल्सन हर्णैला जी अट स्वतःवर घालून घेऊन गेले, ती आजच्या इंग्रजी वर्गाला लागू नाही. मराठी समीक्षेने वसाहतवादाची चर्चा करताना या लुप्त झालेल्या अटीची दखल घेतली पाहिजे. कारण आंब्रोळीचा वर्ग आणि आजचा वर्ग यांतील खरा फरक तिथेच आहे.