अकाली जन्मलेल्या बाळांचे डोळे आणि निदानाचे आकडे

'एच ३५.१३३'. अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयाने विमा कंपनीकडे पाठवलेल्या दाव्यावर हा संकेत असला, तर त्याचा अर्थ असा की, मुदतीपूर्वी जन्मलेल्या एका बाळाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना 'रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी' अर्थात 'आरओपी' हा विकार जडला आहे आणि तो दुसऱ्या टप्प्यात आहे. 'एच ३५' म्हणजे दृष्टिपटलाचे इतर विकार, बिंदूनंतरचा १ म्हणजे आरओपी, त्यापुढचा ३ म्हणजे टप्पा आणि शेवटचा ३ म्हणजे दोन्ही डोळे.

चाणाक्ष वाचकाला येथेच प्रश्न पडावा. टप्पा दुसरा, मग आकडा ३ कसा? या संकेतमालेतला सर्वांत फसवा भाग हाच आहे. टप्प्याच्या जागी शून्य असेल, तर टप्पा नोंदवलेला नाही. १ असेल तर टप्पा शून्य, २ असेल तर पहिला, ३ असेल तर दुसरा. अशा रीतीने आकडा नेहमी टप्प्याच्या एक पाऊल पुढे चालतो. घाईत असलेल्या कोडरने तिसऱ्या टप्प्यासाठी ३ हा अंक टाकला, की कागदावरचा आजार एका टप्प्याने सौम्य होतो. बाळाच्या डोळ्यात मात्र तो होता तेथेच असतो.

या विकारात एका टप्प्याचा फरक किरकोळ नसतो. गर्भाच्या डोळ्यातील पडद्यावर रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून पसरू लागतात आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचायला त्यांना जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मले, तर कडेचा बराच भाग रक्तवाहिन्यांवाचून राहतो. पुढे त्या नीट वाढल्या तर काही बिघडत नाही. पण काही बाळांत वाढ खुंटते. रक्त मिळालेल्या व न मिळालेल्या भागांच्या सीमेवर प्रथम एक रेघ दिसते, हा पहिला टप्पा. रेघेचा उंचवटा होतो, हा दुसरा. त्या उंचवट्यावरून नाजूक, विकृत वाहिन्यांचे पुंजके बाहेर येतात, हा तिसरा. चौथ्यात पडदा काही भागात सुटतो आणि पाचव्यात तो पूर्ण सुटतो. पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचा हा प्रवास कधी काही आठवड्यांत उरकतो, आणि बाळ रडत नाही, डोळा लाल होत नाही, घरच्यांना काहीही कळत नाही.

जुन्या नावाचा वारसा

संकेतमालेत या आजाराचे जुने नाव अजून शिल्लक आहे. बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये अकाली बाळांच्या भिंगामागे पांढरट पडदा वाढल्याचे वर्णन केले आणि पुढे त्याला 'रेट्रोलेंटल फायब्रोप्लेजिया', म्हणजे भिंगामागील तंतुवाढ, हे नाव मिळाले. ते वस्तुतः आजाराच्या शेवटच्या अवस्थेचे नाव होते, कारण तेव्हा डॉक्टरांना आजार दिसत होता तोच शेवटी. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये काचेच्या पेटीत मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखवले आणि अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने तो संशय खरा ठरवला. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले अंध झाली होती, असे मानले जाते. १९५० साली सहा आठवडे आधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर हा त्याच पिढीतला.

आजाराचे टप्पे सर्व देशांत एकाच भाषेत सांगता यावेत म्हणून तज्ज्ञांनी १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरवले. पडद्याची कड गोठवून आजार रोखता येतो, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९८८ मध्ये दाखवले आणि पुढे गोठवण्याची जागा लेसरने घेतली. उपचार टप्प्यावर व वेळेवर अवलंबून असल्याचे असे सिद्ध झाल्यावरही अमेरिकेच्या संकेतपुस्तकात टप्पे नव्हते. आजाराला '३६२.२१' हा एकच आकडा होता आणि त्यापुढे नाव होते तेच जुने, भिंगामागील तंतुवाढीचे. पहिल्या टप्प्यातील, आपोआप बरे होणारे बाळ आणि पडदा सुटलेले बाळ हिशेबात एकाच रकान्यात पडत. शून्य ते पाच या टप्प्यांना स्वतंत्र आकडे मिळाले ते १ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे वर्गीकरणानंतर तब्बल चोवीस वर्षांनी. सात वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१५ पासून, अमेरिकेने 'आयसीडी-१०' ची आपली विस्तारित आवृत्ती लागू केली आणि 'एच ३५.१' ची आजची मालिका आली. तिच्यात डाव्या-उजव्या डोळ्याचा अंक जोडला गेला. भिंगामागील तंतुवाढीला '१७' अंकांखाली वेगळे घरही मिळाले.

शून्य टप्पा हा प्रकारही समजून घेण्याजोगा आहे. त्यात रोग नसतो, रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात इतकेच. पण अशा बाळाला पुन्हा पुन्हा तपासावे लागते. आकडाच नसेल तर त्या तपासणीचे कारण कागदावर काय लिहायचे, हा प्रश्न उरतो. रोग नसलेल्या अवस्थेला अंक देऊन पुस्तकाने तो सोडवला, आणि ही त्यातली शहाणपणाची जागा म्हणावी लागेल.

आकडा जे सांगत नाही

मालिकेत मोठी उणीव आहे ती पुढे. उपचार करायचा की वाट पाहायची, हे केवळ टप्प्यावर ठरत नाही. आजार पडद्याच्या कोणत्या पट्ट्यात, म्हणजे 'झोन'मध्ये आहे आणि मागच्या रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झाल्या आहेत का, या दोन गोष्टी त्याहून निर्णायक असतात. या दुसऱ्या खुणेला 'प्लस डिसीज' म्हणतात. तिसऱ्या टप्प्यातील दोन बाळांची कल्पना करावी. दोघांचाही आजार दुसऱ्या पट्ट्यात, दोन्ही डोळ्यांत. एकाला प्लस नाही, त्याला थोड्याच दिवसांनी पुन्हा तपासायचे. दुसऱ्याला प्लस आहे, त्याच्यावर ७२ तासांच्या आत उपचार व्हायला हवा. दोघांचाही संकेत एकच, 'एच ३५.१४३'. चौथ्या टप्प्याचेही तसेच. दृष्टीचे केंद्र अजून वाचलेले आहे की पडद्याबरोबर तेही सुटले आहे, यावर डॉक्टर चौथा-अ आणि चौथा-ब असा भेद करतात आणि शस्त्रक्रियेने काय हाती लागेल ते त्यावर ठरते. पुस्तक दोघांना एकाच अंकात बसवते.

हा दोष कोडरचा नव्हे. पण विम्याच्या नोंदींवरून आजाराचा हिशेब मांडणाऱ्याने तो ध्यानात ठेवायला हवा. किती बाळांना उपचाराची गरज पडली हे निदानाच्या आकड्यातून कळत नाही, त्यासाठी उपचाराचे वेगळे संकेत पाहावे लागतात. लेसरसाठी अकाली बाळांचा खास '६७२२९' हा क्रमांक आहे. अलीकडे डोळ्यात औषधाचे इंजेक्शन देण्याचा मार्गही रूढ झाला आहे, परंतु त्याचा '६७०२८' हा क्रमांक मधुमेही आजोबांना आणि अर्भकाला सारखाच.

नियम मात्र काटेकोर आहेत. दोन डोळ्यांत वेगवेगळे टप्पे असतील, तर दोन संकेत लिहायचे. उजवीकडे दुसरा आणि डावीकडे तिसरा असेल तर 'एच ३५.१३१' आणि 'एच ३५.१४२'. बाह्यरुग्ण विभागात नुसता 'संशय' लिहिला असेल, तर त्याला रोगाचा संकेत लावता येत नाही. कोणता डोळा हेच ठाऊक नसल्यास शेवटी ९ येतो, आणि तज्ज्ञाने समोर बसून तपासलेल्या डोळ्याला हा ९ लागावा यापरता हलगर्जीपणा नाही. जन्माचे वजन व गर्भाचे आठवडे 'पी ०७' या मालिकेत नोंदवतात, त्यातही वजन आधी आणि आठवडे नंतर. अमेरिकेतील रुग्णालयांच्या कोडिंगचे मोठे काम भारतीय शहरांतील कचेऱ्यांत होते, तेव्हा या आकड्यांशी इथल्या अनेक तरुणांचा रोजचा संबंध येतो.

भारतातील चित्र

आपल्याकडे या संकेतांची इतकी बारीक नोंद नाही. भारतात जागतिक आरोग्य संघटनेची मूळ 'आयसीडी-१०' वापरली जाते आणि तीत आरओपीसाठी 'एच ३५.१' एवढाच संकेत आहे. टप्पा नाही आणि डोळाही नाही. आजाराची व्याप्ती मात्र इथे अधिक. २०२० च्या अंदाजानुसार देशात सुमारे ३० लाख बाळे अकाली जन्मली. अमेरिकेत १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या अथवा तिसाव्या आठवड्यापर्यंत जन्मलेल्या बाळांची तपासणी मुख्यतः होते. भारतात त्याहून वजनदार बाळांनाही हा आजार होतो, म्हणून येथील मार्गदर्शक सूचनांत २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांआधीचा जन्म ही मर्यादा आहे. पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हावी, फारच लहान बाळांची दोन ते तीन आठवड्यांतच. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला, तेव्हा तपासायच्या तीस आजारांच्या यादीत आरओपीचा समावेश होता.

नोंद न झाल्याची किंमत काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१५ मधील निकालाने दाखवून दिले. १९९६ मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात, १२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. तिच्या डोळ्यांची तपासणी झाली नाही, पालकांना धोक्याची कल्पनाही दिली गेली नाही. घरी सोडतानाच्या कागदावर या आजाराचा उल्लेख नव्हता. ती कायमची अंध झाली. न्यायालयाने एकूण सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली, तेव्हा मुलगी अठरा वर्षांची होती.

'आयसीडी-११' १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असून तीत मूळ संकेताला डाव्या-उजव्या बाजूचे जोड-संकेत लावण्याची सोय आहे. भारतातील रुग्णालयांच्या दप्तरात ती रुळेपर्यंत डिस्चार्ज कार्डच कामाला येणार. त्यावर जन्माचे वजन, गर्भाचे आठवडे, प्रत्येक डोळ्याचा टप्पा व पट्टा, प्लस आहे की नाही आणि पुढच्या तपासणीची नेमकी तारीख लिहिली आहे का, हे पालकांनी बाळाला घरी नेण्यापूर्वी पाहून घ्यावे. 'चार आठवड्यांनी दाखवा' असे मोघम लिहिलेले असेल, तर तारीख घालून मागावी.